घाटावरचं घर: खुलताबादला राहायला गेलेल्या एका कुटुंबाचं प्रकरण

पार्श्वभूमी

जानेवारी २०२३ मध्ये हे नवरा-बायको माझ्याकडे आले ते एवढंच विचारायला, की जुन्या घरावर एक मजला चढवता येईल का. मी छत्रपती संभाजीनगरात घरांचे नकाशे आणि दुरुस्तीची कामं करतो. घर खुलताबादला, तटाच्या आतलं. इसार देऊन तीन दिवस झाले होते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि त्यामागचा हिशेब मात्र तसाच ठेवला आहे.

नवरा वाळूज एमआयडीसीत, तीन पाळ्यांची नोकरी. बायको खुलताबाद तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर शिक्षिका. मुलगी आठवीत, मुलगा चौथीत आणि एकाहत्तर वर्षांच्या आजी, त्यांना दमा. गारखेड्यात भाड्याच्या दोन खोल्या. नळाला पाणी आठवड्यातून एकदा येणार, म्हणून बाल्कनीत चार निळे ड्रम आणि त्या ड्रमांमुळे कपडे वाळत घालायला जागा नाही. बाई रोज चार शिक्षकांच्या शेअरिंगच्या गाडीने शहरातून बाहेर जात, म्हणजे सगळं जग शहरात येत असताना त्या उलट्या दिशेला. वरून मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावीच, राहण्याचा तगादा वेगळाच. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला तो काय असतो, हे सांगायला नको.

दिवाळीच्या सुटीत सगळे म्हैसमाळला गेले. परतताना भद्रा मारुतीचं दर्शन झालं आणि संध्याकाळी खुलताबादच्या रस्त्यावर चहा घेताना आजी म्हणाल्या, "इथं छाती मोकळी वाटू राहिली मला." घर घ्यायचं ठरलं ते या वाक्यावर. बाकीची कारणं नंतर गोळा झाली.

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे, खुलताबाद साडेआठशेच्या आसपास आणि तिथून बाराएक किलोमीटरवरचं म्हैसमाळ हजाराच्या वर. खुलताबादला पायथ्याचं गाव म्हणावं की माथ्यावरचं, हा तसा वादच आहे. दौलताबादचा घाट चढून गेल्यावर हे गाव लागतं आणि म्हैसमाळचा डोंगर त्याच्याही डोक्यावर. मेच्या रात्री इथे एक वाजल्यानंतर पंखा बंद करावा लागतो. शहरातल्या माणसाला भूल पडायला तेवढं पुरतं.

शिवाय गाव नुसतं हवेचं नाही. जुनं नाव रौजा. बुऱ्हानुद्दीन गरीब, झैनुद्दीन शिराझी या सूफी संतांचे दर्गे इथे आहेत. मलिक अंबर १६२६ मध्ये वारला, त्याची कबर इथे. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ वारला, पण त्याला आणून पुरलं ते इथेच. पहिल्या निजामाची कबरही इथेच. चार-पाच किलोमीटरवर घाट उतरलं की वेरूळची लेणी आणि घृष्णेश्वर. दुसऱ्या अंगाला शूलिभंजन, जिथे एकनाथ महाराजांनी तप केलं असं मानतात. गावाला तट होता, त्याला नगारखाना, पांगरा, लंगडा असे दरवाजे. या सगळ्याचा घराच्या व्यवहाराशी संबंध येतो, आणि तो असा येईल हे इसार देताना कोणाच्या मनात नव्हतं.

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला. माळीवाड्याचा इंटरचेंज दौलताबादच्या हाकेवर. एजंट लोकांच्या तोंडी "आत्ताच घ्या, पुढच्या दिवाळीला दुप्पट" हे वाक्य होतंच. घाईचं अर्धं कारण ते.

अडचण

घर मी जाऊन पाहिलं. दगड-मातीच्या हातभर जाड भिंती, तीन खोल्या, अंगण, अंगणात आड. मालक सत्तरीचे, त्यांना सगळे चाचा म्हणत. किंमत १४ लाख. शंभर रुपयांच्या बाँडवर इसार पावती, १ लाख रोख, मुदत तीन महिने. पावतीत "कागदपत्रांत दोष निघाल्यास इसार परत" असं वाक्य नव्हतं. मी ते दोनदा शोधलं.

पहिली गोष्ट मजल्याची. औरंगजेबाच्या कबरीचा परिसर केंद्र संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. तिच्याप्रमाणे संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र. विनियमित पट्ट्यात राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाचं ना-हरकत घेऊन बांधता येतं. प्रतिबंधित पट्ट्यात नवं बांधकाम नाहीच; असलेल्या घराची दुरुस्ती करायची तर तीही परवानगी घेऊन. मी मोबाईलच्या नकाशावर अंतर काढलं तर नव्वद मीटरच्या आसपास आलं. मोबाईलवर भरवसा नको म्हणून दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गल्लीगल्लीतून मोजलं. हवाई अंतर त्याहून कमीच भरणार हे उघड होतं. मजला संपला.

दुसरी गोष्ट मालकीची, आणि मराठवाड्यात ही पहिल्या नंबरवर हवी. चाचांकडे दोनच कागद होते: नगर परिषदेचा कराचा उतारा आणि आजोबांच्या वेळचा उर्दू दस्त, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला, घड्यांवर फाटलेला. त्यावर सन १३५२ फसली. फसली ही निजामाच्या राज्यातली कालगणना; तीत ५९० मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे १९४२-४३. निजामाचं राज्य इथे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत होतं, त्यामुळे असे दस्त घरोघर आहेत आणि ते वाचणारी माणसं कमी होत चालली आहेत. शहरातल्या एका निवृत्त पेशकारांनी, म्हणजे कचेरीतल्या कारकुनांनी, तो वाचून दिला. दस्त खरा होता, पण तो विक्रीचा नव्हता. दर्ग्याच्या सेवेसाठी मिळालेल्या जागेत राहण्याच्या हक्काचा होता.

इथे एक खुलासा करतो, कारण बाहेरून येऊन मराठवाड्यात जागा घेणाऱ्याला हे शब्द माहीत नसतात. निजामकाळात इनाम दिले जात ते सरसकट एका प्रकारचे नव्हते. मदतमाश म्हणजे एखाद्या घराण्याच्या उदरनिर्वाहासाठी. खिदमतमाश म्हणजे धर्मस्थळाची सेवा करण्याच्या बदल्यात. दुसऱ्या प्रकारची जमीन विकायची नसते, ती देवस्थानाची किंवा वक्फची धरली जाते. शेतजमीन असेल तर १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक काढलं की बरंच कळतं. सातबाऱ्यावरच्या "इतर हक्क" रकान्यात काय लिहिलंय ते वाचायचं, आणि तो रकाना कोरा असला तरी समाधान मानायचं नाही. गावातल्या घराला मात्र सातबारा नाही. मालमत्ता पत्रक असेल तर ते, नाही तर असेच दस्त. चाचांच्या मनात फसवणूक नव्हती. तीन पिढ्या राहत आलेलं घर आपलं असं त्यांना मनापासून वाटत होतं आणि कर तर ते दरसाल भरतच होते.

तिसरी गोष्ट मला कुणी विचारली नव्हती, तरी मी विचारली: "साहेब, फर्स्ट शिफ्टला किती वाजता पोचावं लागतं?" पावणेसातला. "मग एकदा तरी घरापासून पाच वाजता निघून बघितलंय का?" नव्हतं बघितलं. खुलताबाद त्यांनी पाच वेळा पाहिलं होतं, पाचही वेळा सुटीच्या दिवशी, दुपारनंतर.

समोरचे पर्याय

एक, मजल्याचा नाद सोडून घर आहे तसं घ्यायचं. मालकीचा प्रश्न सोडवायला वर्षं गेली असती, बँकेने कर्ज दिलं नसतं. मी नको म्हटलं.

दोन, म्हैसमाळ रस्त्याकडचा तीन गुंठ्यांचा प्लॉट, जो एजंट दाखवत होता. शेतजमीन, एनए (बिगरशेती) नाही, सामायिक सातबारा, "खरेदी नाही झाली तरी नोटरी करून देऊ". इथे जास्त शब्द खर्च करत नाही. नोटरीने मालकी मिळत नाही.

तीन, खुलताबाद सोडून पडेगाव-मिटमिट्याकडे, म्हणजे शहराच्या त्याच टोकाला पण घाटाच्या खाली, फ्लॅट बघायचा. बाईंचं अंतर कमी, साहेबांचंही आवाक्यात. कागदावर हाच सगळ्यांत बरा पर्याय होता. घरात तो कुणालाच आवडला नाही. आजी म्हणाल्या, "मग गारखेड्यात काय वाईट होतं?"

चार, इसार परत मागायचा आणि एक वर्ष खुलताबादला भाड्याने राहून बघायचं. हे सुचवलं मी, पण यातला पहिला अर्धा भाग जमण्यासारखा नव्हता.

निर्णय

इसार मागायला आम्ही तिघं गेलो. चाचांनी ऐकून घेतलं, उर्दू दस्ताचं मराठी वाचन दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "पैसा तर संपला, मास्तरीणबाई. डोळ्याचं ऑपरेशन झालं, बाकी पोरीच्या लग्नाची उधारी फेडली. माझ्याकडं आहे ते हे घर." आणि थोडं थांबून, "राहा की. भाडं समजा."

त्या वेळी मला हे टोलवाटोलवीचं बोलणं वाटलं. कोर्टात जायचं का यावर आम्ही गाडीत बसून तासभर बोललो. एक लाखासाठी दिवाणी दावा, तोही ज्याच्याकडे परत द्यायला काही नाही अशा माणसावर. शेवटी बाईंनीच पाटीवर हिशेब मांडल्यासारखं सांगितलं: गारखेड्यात भाडं साडेनऊ हजार, शेअरिंगचे अठ्ठावीसशे, तेवढं वाचतंय, चाचांच्या घराचं भाडं साडेचार हजार धरलं तर लाखात बावीस महिने निघतात. जूनमध्ये शाळा सुरू होताना जायचं, मार्च २०२५ अखेर फिटंफाट. राहिले हजार.

राहण्याच्या हक्काचा दस्त असलेल्याने भाडेकरू ठेवणं कागदोपत्री कितपत बसतं, हा प्रश्न माझ्या मनात होता आणि ज्या वकिलाला विचारलं त्याच्याही. दोघांनीही तो मांडला. पण विक्रीत चौदा लाख अडकले असते, इथे धोका लाखाचाच होता आणि तो आधीच पत्करलेला होता. इसार पावतीच्या मागेच लिहून घेतलं: इसाराची रक्कम भाड्यापोटी वळती, जून २०२३ पासून. दोन साक्षीदार. पाठीमागच्या खोलीच्या दारावर महालक्ष्मी कॅलेंडर लावलं आणि दर महिन्याच्या शेवटच्या चौकटीत चाचांनी "४,५००" लिहून खाली सही करायची, असं ठरलं. तो शिरस्ता दोन्ही घरांनी शेवटपर्यंत पाळला.

राहायला गेल्यावर

पहिले दोन महिने छान गेले. बाई स्कूटीवर वीस मिनिटांत शाळेत. मुलगा अंगणात. आजींना शेजारणींची सोबत.

साहेबांचं वेगळं होतं. घरापासून कंपनी साधारण तीस किलोमीटर. कंपनीची बस घाट चढून वर येत नाही. पहाटे पाचला मोटारसायकल काढायची, अंधारात घाट उतरायचा, दौलताबादला यायचं. तिथे रस्ता जुन्या तटाच्या दरवाजातून जातो आणि एका वेळी एकच मोठी गाडी निघते. पहाटे ते सोपं. दुपारी सुटल्यावर, वेरूळहून परतणाऱ्या टुरिस्ट बसेस आणि उसाचे ट्रॅक्टर समोरासमोर आले की अर्धा-पाऊण तास इंजिन बंद करून उभं राहायचं. शेकडो वर्षांपूर्वी शत्रूची फौज अडावी म्हणून बांधलेली ती कमान अजून तिचं काम करते आहे, असं साहेब म्हणायचे.

मग श्रावण आला. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, त्यामुळे निज श्रावण १७ ऑगस्टला लागला. श्रावणातल्या शुक्रवारी रात्री संभाजीनगरहून हजारो लोक पायी भद्रा मारुतीला निघतात, शनिवारी पहाटे झोपलेल्या मारुतीचं दर्शन घेतात. वाहतूक वळवली जाते. पहिल्याच शुक्रवारी साहेबांची सेकंड शिफ्ट होती. रात्री साडेअकराला सुटले, घाटाखाली आले तर गाड्या बंद. वळसा घालून जायचा रस्ता माहीत नव्हता. त्यांनी मोटारसायकल हाताने ढकलत, रुईच्या माळा घेतलेल्या पोरांच्या घोळक्यातून, अनवाणी बायांच्या मागून घाट चढला. वाटेत कुणी चहा दिला, कुणी केळी. "दर्शनाला निघालात का?" "नाही, घरी निघालोय." घरी पोचले तेव्हा पावणेतीन वाजले होते. तो प्रसंग ते हसत सांगतात, पण त्यानंतर सेकंड शिफ्टच्या आठवड्यात ते वर आलेच नाहीत. बजाजनगरला एका सहकाऱ्याच्या खोलीवर झोपू लागले. म्हणजे तीन आठवड्यांतला एक आठवडा बाप घरात नाही.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट झाली, आणि प्रकरणातला हा भाग मला सगळ्यांत जास्त लागला, कारण भिंती बघून मला तो ओळखता यायला हवा होता. जाड मातीच्या भिंती उन्हाळ्यात गार राहतात, पावसाळ्यात तेच पाणी धरून ठेवतात. सप्टेंबरमध्ये आजींच्या खोलीत जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत ओल चढली, चुन्याखाली काळी बुरशी आली. सकाळी धुकं. ज्यांच्या छातीसाठी घर बदललं, त्यांनाच एका रात्री दमा उसळला. गावातल्या ग्रामीण रुग्णालयात वाफ दिली, पुढे १०८ ने शहरातल्या घाटी या सरकारी रुग्णालयात नेलं. चार दिवसांत बऱ्या झाल्या. दिवाळीनंतर कोरडी हवा सुटली आणि मेपर्यंत त्यांना दम्याच्या पंपाची गरज जवळजवळ लागली नाही. डोंगरावरची हवा आठ महिने औषध होती आणि चार महिने दुखणं.

२०२३ ला पाऊस कमी झाला होता. पुढच्या उन्हाळ्यात आडाला तळ दिसला, टँकर घ्यावा लागला. गारखेड्याहून आणलेले निळे ड्रम, जे आजींनी विकायला काढले होते, पुन्हा अंगणात मांडले गेले.

जून २०२४ ला मुलगी दहावीत गेली आणि मावशीकडे शहरात राहायला गेली. क्लास, मैत्रिणी, ग्रंथालय, सगळं खाली. त्या वेळी बाई मला फोनवर म्हणाल्या, "घर एक होतं, आता तीन झालीत."

मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून राज्यभर वाद पेटला. गावात बंदोबस्त वाढला, पर्यटक कमी झाले, नाक्यावर चौकशी होऊ लागली. गल्लीतलं जाणं-येणं नेहमीसारखं चालू होतं. चाचांनी त्या महिन्याची सही चार दिवस आधीच करून टाकली.

वेगळं काय करता आलं असतं

इसाराआधी एक कागद नीट वाचून घेतला असता तर बाकी सगळं टळलं असतं, असं वकील म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. कागद स्वच्छ निघाला असता तर त्यांनी चौदा लाख घातले असते, आणि मग श्रावण, ओल, दहावी हे सगळं तसंच आलं असतं. फक्त मागे फिरायची वाट राहिली नसती. सदोष कागदाने त्यांना वाचवलं, हे विचित्र आहे पण खरं आहे.

इसार पावतीत परतीचं वाक्य मात्र हवंच होतं. रोख द्यायला नको होती.

त्याहून आधी करायला हवं होतं ते असं: साहेबांनी तिन्ही पाळ्यांचा प्रत्येकी एक तरी दिवस, गारखेड्याहून नाही तर खुलताबादच्या चौकातून निघून कंपनी गाठून बघायची. लॉजवर राहून करता आलं असतं, हजार-दोन हजारांत. गावाची परीक्षा सुटीच्या दिवशी घेऊ नये. श्रावणातल्या शनिवारी, उरुसाच्या गर्दीत आणि बुधवारी पहाटे पाचला घ्यावी.

माझी चूक भिंतींची. मी अंतर मोजलं, दस्त वाचून घेतला, आणि दम्याचा पेशंट राहणार आहे हे ठाऊक असूनही जोत्याची ओल तपासली नाही. जानेवारीत भिंत कोरडी होती. अशा घरात जोत्याभोवती फरसबंदी काढून पाणी बाहेर उतरवायची चर खणायला हवी होती आणि आतून सिमेंटऐवजी चुन्याचाच गिलावा ठेवायला हवा होता, म्हणजे भिंतीला श्वास घेता येतो. आधीच्या कुणीतरी सिमेंट मारलं होतं. ते खरवडून काढायलाही परवानगी लागेल, म्हणून आम्ही टाळलं. अर्ज करायला हवा होता.

शिक्षिकेच्या बदलीचा विचार कुणीच केला नाही, मीही नाही. ती त्या बावीस महिन्यांत झाली नाही, एवढंच.

सध्याची स्थिती

एप्रिल २०२५ पासून कुटुंब मिटमिट्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आहे, म्हणजे ज्या पर्यायाला घरात सगळ्यांनी नाक मुरडलं होतं तिथेच. पाणी बोअरचं. साहेब अर्ध्या तासात कंपनीत, बाई पुन्हा शेअरिंगमध्ये पण निम्म्या अंतरावर.

चाचांचं घर त्यांनी सोडलं नाही. फेब्रुवारी ते जून आजी वर असतात, सुटी लागली की नातू सोबतीला. शनिवार-रविवार सगळे जातात. पावसाळा लागला की आजी खाली येतात, कुरकुर करत.

बावीस महिने भरले त्या दिवशी, ३१ मार्चला, ईद होती. चाचांच्या सुनेने शीरखुर्म्याचं पातेलं आणलं, चाचांनी वर हजाराची पाकिटातली नोट-चिल्लर मोजून आजींसमोर ठेवली: हिशेब पुरा. आजींनी पैसे घेतले नाहीत. "एप्रिलच्या भाड्यात धरा," म्हणाल्या. नवं भाडं पाच हजार ठरलं आहे. या वेळी रक्कम बँकेतून जाते.